नवी स्पोर्ट्स बाइक दारात आली, पण तिच्या चेनकडे कोण बघणार?

गाडीच्या डिलिव्हरीचा कार्यक्रम सगळीकडे सारखाच असतो. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, पेढ्यांचा बॉक्स आणि घरच्यांसोबत फोटो. सेल्समन मोबाइल ब्लूटूथने कसा जोडायचा ते पंधरा मिनिटं समजावतो, रायडिंग मोड दाखवतो, टाकीवरचं प्लास्टिक काढून देतो. आणि चावी हातात देताना जाता जाता एक वाक्य टाकतो, "चेनला दर ५०० किलोमीटरला ल्यूब मारत जा."

आपण मान डोलावतो. मनात मात्र एक प्रश्न असतो. बाबांनी त्यांच्या गाडीच्या चेनला पंधरा वर्षांत कधी हात लावल्याचं आठवत नाही, मग याच गाडीचे एवढे लाड कशाला?

प्रश्न रास्त आहे. उत्तर बाबांच्या गाडीच्या चेनवरच्या पत्र्याच्या डब्यात आहे. ऑफिसला जायच्या शंभर सीसीच्या गाड्यांची चेन पूर्ण झाकलेली असते. धूळ, चिखल, पाणी आत फारसं जात नाही, आतलं वंगण बाहेर उडत नाही. सर्व्हिसिंगला मेकॅनिक तो डबा उघडतो, काय करायचं ते करतो आणि बंद करतो. मालकाला चेन दिसतही नाही.

आर १५, आरसी, अपाचे आरआर अशा स्पोर्टी गाड्यांवर हा डबा नसतो. वर एक अर्धवट गार्ड असतो, बाकी चेन उघडी. वजन वाचतं, चाक काढणं सोपं जातं आणि खरं सांगायचं तर उघडी चेन दिसतेही भारी. किंमत एवढीच, की रस्त्यावरचं जे काही उडतं ते थेट चेनवर येतं.

चेनवर किती ताण येतो?

एक साधा हिशेब करू. दीडशे सीसीच्या स्पोर्टी गाडीचं इंजिन साधारण १४ न्यूटन-मीटर टॉर्क देतं असं धरा. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्समधून बाहेर येईपर्यंत तो सुमारे साडेआठ पट होतो, म्हणजे १२० न्यूटन-मीटरच्या आसपास. हा जोर ज्या पुढच्या छोट्या स्प्रॉकेटवर येतो त्याची त्रिज्या जेमतेम ३ सेंटिमीटर. म्हणजे पूर्ण थ्रॉटल दिला की चेन सुमारे ४,००० न्यूटनने ओढली जाते. आपल्या भाषेत चारशे किलो, म्हणजे चार क्विंटल. सिग्नल सुटल्यावर ज्याला आपण 'पिकअप' म्हणतो, तो सगळा या बोटभर रुंदीच्या साखळीतून मागच्या चाकाला मिळतो.

आणि वेग? मागच्या स्प्रॉकेटला ४५ दाते असतील, तर ताशी ८० किलोमीटरला दर सेकंदाला चेनच्या सुमारे ५०० कड्या त्यावरून जातात. प्रत्येक कडी दात्यावर चढताना थोडी वळते आणि उतरताना पुन्हा सरळ होते. चेनची झीज होते ती या वळण्या-सरळ होण्यात.

आत काय असतं

आज आपण वापरतो त्या बुश-रोलर चेनचं पेटंट १८८० सालचं आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि इंग्लंडात मँचेस्टरला कारखाना चालवणाऱ्या हान्स रेनॉल्ड या अभियंत्याने ते घेतलं. मूळ कल्पना अजून तीच आहे. दोन पट्ट्यांच्या मधे एक पिन, पिनवर नळीसारखा बुश आणि बुशवर मोकळा फिरणारा रोलर. रोलर दात्यावर टेकतो, पिन बुशच्या आत फिरते.

बाहेरून दिसतो तो रोलर. पण झिजण्याची खरी जागा आत आहे, पिन आणि बुशच्या मधे. तिथे ग्रीस पोचलं नाही, तर लोखंडावर लोखंड घासतं. जुन्या चेनमध्ये हे ग्रीस टिकवायला काही नव्हतं. म्हणून नंतर पिनच्या दोन्ही टोकांना, पट्ट्यांच्या मधे, रबराच्या बारीक रिंगा बसवायला सुरुवात झाली. त्या ओ-रिंग. कारखान्यातच ग्रीस आत भरायचं आणि या रिंगांनी तोंड बंद करायचं. एक्स-रिंग हा त्याचाच पुढचा प्रकार. रिंगेचा छेद इंग्रजी एक्ससारखा असल्याने ती कमी घासते आणि ग्रीस जास्त दिवस धरून ठेवते.

यातून एक गोष्ट लक्षात येईल. तुमच्या चेनला रिंगा असतील, तर तुम्ही वरून मारता तो ल्यूब पिनपर्यंत जातच नाही. जायची गरजही नाही, तिथलं ग्रीस आधीच आत आहे. वरचा ल्यूब असतो रोलर आणि दात्यांसाठी, गंज थांबवण्यासाठी आणि रिंगा सुकून कडक होऊ नयेत म्हणून. उलट रिंगा नसलेल्या साध्या चेनमध्ये वंगण आत झिरपलं नाही, तर उपयोग शून्य. आपल्या गाडीला कोणती चेन आहे ते मॅन्युअलमध्ये असतं. पट्ट्यांच्या फटीत काळी रबरी कड दिसते का, ते बघूनही कळतं.

चेनवर कोरलेला आकडाही एकदा वाचून ठेवा. ४२८ किंवा ५२० असा काहीतरी असेल. पहिला अंक म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, इंचाच्या आठव्या भागात मोजलेलं. ४ म्हणजे अर्धा इंच (१२.७ मिलिमीटर), ५ म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. पुढचे दोन अंक रुंदीचे. दीडशे सीसीच्या आसपासच्या बऱ्याच गाड्यांना ४२८ असते, तीनशे-चारशे सीसीच्या स्पोर्ट्स बाइकना ५२०. पुढे चेन बदलायची वेळ आली, की दुकानदार पहिला प्रश्न हाच विचारतो.

टाइट चेन म्हणजे चांगली चेन नव्हे

नव्या मालकाकडून होणारी सगळ्यात महागडी चूक ही. चेन हाताने हलवून बघितली, थोडी लोंबते आहे असं वाटलं, लगेच गॅरेजवर. मेकॅनिकही पाना घेऊन तारेसारखी ताणून देतो. गिऱ्हाईक खूश.

चेन थोडी सैल का लागते, हे समजून घ्यायला गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवे बसा. बहुतेक गाड्यांची चेन डावीकडेच असते. पुढचं छोटं स्प्रॉकेट इंजिनला पक्कं आहे, ते हलत नाही. मागचं चाक स्विंगआर्मच्या टोकाला आहे आणि स्विंगआर्म ज्या खिळीवर वरखाली होतो, ती खिळी पुढच्या स्प्रॉकेटच्या थोडी मागे आहे. दोघांचा मध्य एक नाही. म्हणून सस्पेन्शन दबलं, की स्प्रॉकेट आणि मागचा एक्सल यांच्यातलं अंतर बदलतं. स्प्रॉकेट, खिळी आणि एक्सल हे तिन्ही एका सरळ रेषेत आले की ते अंतर सगळ्यात जास्त होतं. उभ्या गाडीत एक्सल त्या रेषेच्या खाली असतो. तुम्ही बसलात, मागे मित्र बसला, गाडी खड्ड्यात आपटली, की तो वर सरकून रेषेत येतो.

म्हणजे उभ्या गाडीत जी चेन लोंबताना दिसते, ती दोघे बसून खड्ड्यात गेल्यावर जवळपास ताठ होते. आधीच ताठ असेल तर? मग सस्पेन्शनला दबायला जागाच उरत नाही. तो सगळा हिसका गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर, मागच्या चाकाच्या बेअरिंगवर आणि चेनच्या पिनांवर जातो. चेन लवकर संपते हे त्यातलं स्वस्त नुकसान. गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं तर इंजिन उघडावं लागतं.

खूप सैल चेनही वाईटच. थ्रॉटल दिला-सोडला की झटका बसतो, चेन स्विंगआर्मवर खडखड आपटते आणि एखाद्या वेळी दात्यावरून उतरते. चालत्या गाडीची चेन उतरून पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली, तर इंजिनचं कव्हर फुटू शकतं किंवा मागचं चाक जागीच जाम होऊ शकतं. ताशी ७०-८० ला मागचं चाक जाम होणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. तरी दोन्हींत तुलना केली, तर पाच मिलिमीटर जास्त टाइटपेक्षा पाच मिलिमीटर जास्त सैल बरी.

मग किती सैल ठेवायची? हा आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. मॅन्युअलमध्ये असतो आणि बऱ्याचदा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवरही छापलेला असतो. रस्त्यावरच्या अनेक बाइकना तो २० ते ३५ मिलिमीटरच्या मधे कुठेतरी पडतो. मोजायचा कसा, तर दोन स्प्रॉकेटच्या बरोबर मधे, चेनची खालची बाजू बोटाने आधी खाली दाबा, मग वर उचला. या दोन टोकांमधलं एकूण अंतर म्हणजे तिचा 'प्ले'. शेजारी साधी शाळेतली पट्टी धरली तरी चालते. गाडी साइड स्टँडवर ठेवून मोजायचं की सरळ उभी करून, हेही मॅन्युअल सांगतं आणि त्याने आकडा बदलतो.

आणि एकाच जागी मोजून थांबू नका. गाडी थोडी थोडी पुढे ढकलत चार-पाच ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, एखादी जागा जास्त ताठ लागते. माप त्या सगळ्यात ताठ जागेचं धरायचं.

इंजिन बंद

आता सगळ्यात महत्त्वाचं. रील्समध्ये हा प्रकार सर्रास दिसतो. गाडी साइड स्टँडवर कलती करून मागचं चाक हवेत उचलायचं किंवा पॅडॉक स्टँडवर चढवायची, इंजिन चालू, पहिला गिअर, चेन गरागरा फिरतेय आणि एक जण हातातलं फडकं चेनला लावून बसलाय. दिसायला झकास, एका मिनिटात चेन चकाचक.

यात लोकांची बोटं जातात. 'लागतं' या अर्थाने नव्हे, तुटतात.

पुन्हा हिशेब करू. पहिल्या गिअरमध्ये नुसत्या आयडलवर मागचं चाक ताशी ६ किलोमीटरच्या वेगाने फिरतं असं धरा, म्हणजे चालत्या माणसापेक्षा किंचित जास्त. सतरा इंची चाकाचा घेर साधारण दोन मीटर. ५२० ची चेन आणि ४५ दात्यांचं स्प्रॉकेट असेल, तर चेन सेकंदाला सुमारे ६० सेंटिमीटर सरकते. फडकं स्प्रॉकेटपासून १० सेंटिमीटरवर धरलंय आणि त्याचा एक धागा कडीत अडकला, तर तो दात्यापर्यंत पोचायला सेकंदाचा सहावा भाग लागतो. काहीतरी दिसून हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे 'मी लक्ष ठेवून करतो' याला अर्थ नाही. लक्ष असूनही हात वेळेत निघत नाही. आणि इंजिन तर चार क्विंटल ओढायला बनवलेलं आहे, बोट आलं म्हणून ते थांबत नाही.

दिशाही बघा. गाडी पुढे जाताना चेनची वरची बाजू मागून पुढे जाते आणि खालची बाजू पुढून मागे. आपण फडकं धरतो खालच्या बाजूला, मागच्या स्प्रॉकेटजवळ, कारण तिथे हात सहज पोचतो. म्हणजे चेन हात घेऊन थेट दात्यांच्या जबड्यातच शिरते.

म्हणून इंजिन बंद, चावी खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये. चाक हाताने फिरवायचं आणि तेही उलट्या दिशेने, गाडी मागे जाताना फिरतं तसं. मग खालची चेन स्प्रॉकेटमधून बाहेर येत राहते, हात आत ओढला जात नाही. हाताने फिरवतानाही बोट चिमटू शकतं, तेव्हा फिरवणारा हात आणि पुसणारा हात एकाच माणसाचा असलेला बरा. 'तू फिरव, मी पुसतो' यात एकाचा अंदाज चुकला की दुसऱ्याचं बोट सापडतं. घरात लहान मुलं असतील तर त्यांना मदतीला बोलवू नका, फिरत्या चाकाला हात लावायचा मोह त्यांना होतोच.

स्पोर्ट्स बाइकला सेंटर स्टँड नसतो, ही खरी अडचण. चेन स्वतः सांभाळायची असेल, तर पॅडॉक स्टँड घ्या. हेल्मेटनंतर गाडीसाठी केलेला तो सगळ्यात कामाचा खर्च ठरतो. नसेल, तर चेनचा दिसतो तेवढा भाग साफ करा, गाडी हातभर ढकला, पुढचा भाग करा. वेळ लागतो, पण काम होतं.

ओढणी आणि साडी गार्ड

चेन डावीकडे, आपल्याकडे एका बाजूला बसणाऱ्या बायकाही बहुतेक डावीकडेच पाय सोडून बसतात. पदर, ओढणी, रेनकोटची लोंबती पट्टी हे सगळं चाक आणि चेन यांच्या बाजूलाच असतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ म्हणूनच सांगतो, की मागे माणूस बसवायची सोय असलेल्या मोटरसायकलला धरायला कायमचा हँडग्रिप, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक किमान निम्मं झाकणारं संरक्षण हवं. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत हा त्याचा उद्देश.

हेच ते साडी गार्ड, जे लूक बिघडतो म्हणून कित्येक जण पहिल्या आठवड्यातच काढून माळ्यावर टाकतात. टाकू नका. निदान मागे कुणी ओढणी घेतलेलं बसणार असेल, तर निघायच्या आधी ओढणी पुढे घेऊन कंबरेशी गाठ मारायला सांगा. ओढणी चाकात गेली की ती थेट गळ्याला ओढली जाते.

साफ कशाने, ल्यूब कोणता

नव्या चेनवर कारखान्यातून येतानाच चिकट थर असतो. तो धुऊन टाकायची गरज नाही. पहिले काही शे किलोमीटर नुसती वरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा. नवी चेन सुरुवातीला बसते, त्यामुळे पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ती नंतरच्यापेक्षा लवकर सैल होते. ते नॉर्मल आहे. पहिल्या सर्व्हिसिंगला चेनचा प्ले बघितला का, हे मात्र विचारा आणि त्यांनी किती ठेवलाय तो घरी येऊन पट्टीने मोजा. गैरसमज नको, यात मेकॅनिकवर अविश्वास नाही. दिवसाला वीस गाड्या करणारा माणूस अंदाजाने ताणतो, एवढंच.

साफ करायला चेन क्लीनरचा स्प्रे किंवा रॉकेल आणि मऊ ब्रश. रॉकेल आता पूर्वीसारखं सहज मिळत नाही हे खरं. पण म्हणून पेट्रोल वापरू नका. पेट्रोल रबरी रिंगांना मारक आहे आणि गरम इंजिनशेजारी पेट्रोलची वाटी घेऊन बसणं हा आगीशी खेळ आहे. तारेचा ब्रशही नको, त्याने रिंगा फाटतात. जुना टूथब्रश उत्तम. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा जवळून थेट चेनवर मारू देऊ नका, पाणी रिंगांच्या आत घुसतं. बाहेर मात्र पडत नाही.

ल्यूब म्हणजे चेनसाठीचा स्प्रे किंवा मॅन्युअल परवानगी देत असेल तर ९० नंबरचं गिअर ऑइल. गिअर ऑइल स्वस्त आणि चांगलं काम करतं, फक्त रिमवर उडतं आणि जास्त वेळा लावावं लागतं. गॅरेजवर कधी कधी इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल ब्रशने फासतात. त्याला सरळ नाही म्हणा. त्यात काजळी आणि धातूचा कीस असतो, चेनला ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते. वरून जाड ग्रीस थापणंही तसंच. ते कडीत शिरत नाही, वर बसून धूळ मात्र गोळा करतं. गंज सोडवायचा पातळ स्प्रे घाण काढायला ठीक, पण ल्यूब म्हणून तो टिकत नाही.

मारायचं कुठे? चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे खालच्या चेनवर वरून. चाक फिरलं की वंगण बाहेरच्या दिशेला फेकलं जातं, आत मारलं तर ते कडीतून पार होऊन बाहेर येतं. बाहेरून मारलं तर थेट रिमवर. नळी पट्ट्यांच्या फटींवर धरा, आधी डावी कड, मग उजवी, शेवटी रोलरवर हलका हात. मागे पुठ्ठा धरा. टायरवर ल्यूब उडणं ही किरकोळ गोष्ट नाही, पहिल्याच वळणाला मागचं चाक सरकू शकतं. उडालाच तर साबणाच्या पाण्याने टायर धुऊन घ्या.

वेळही बघून मारा. फेरफटका मारून आलात, चेन कोमट आहे, तेव्हा ल्यूब मारून गाडी रात्रभर उभी ठेवा. स्प्रेमधला पातळ द्राव उडून जातो आणि चिकट भाग चेनवर राहतो. सकाळी निघताना घाईत मारलेला ल्यूब नाक्यापर्यंत जाईस्तोवर नंबर प्लेटवर असतो. सकाळी जादाचा ल्यूब फडक्याने पुसा. चेन चकचकीत ओली नको, हात लावला तर किंचित तेलकट लागेल एवढीच हवी.

५०० किलोमीटर हा कोरड्या रस्त्याचा आकडा

तो पावसाळ्यात लागू नाही. ताम्हिणीत किंवा वरंध घाटात दिवसभर भिजून आलात, तर मीटर काहीही म्हणो, त्या संध्याकाळी चेन पुसून ल्यूब मारायला हवा. कोकणातला लाल चिखल वाळला की बारीक वाळूसारखा होतो आणि रोलरखाली बसतो. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना खाऱ्या हवेचा त्रास वेगळा, गाडी चार दिवस नुसती उभी राहिली तरी पट्ट्यांवर तांबूस डाग दिसायला लागतात. मराठवाड्या-विदर्भात उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न नाही, तिथे धुळीचा आहे. जास्त ल्यूब मारला की त्या धुळीचा काळा लगदा होतो. तिथे कमी मारा, पण पुसा जास्त वेळा.

आणि दसरा. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या यच्चयावत गाड्यांना आंघोळ मिळते. सकाळी धुतलेली चेन पाण्याने कोरडीठाक होते, ल्यूब मारायचं कुणाच्या लक्षात नसतं कारण हळद-कुंकवाची गडबड असते, आणि संध्याकाळी त्याच चेनवर सोनं वाटायला पूर्ण गाव. धुतल्यावर आधी पुसा, ल्यूब मारा, मग पूजा करा. झेंडूचा हार हँडलला बांधा पण निघायच्या आधी सोडा. हाराचा दोरा सुटून पुढच्या स्प्रॉकेटभोवती गुंडाळला, तर कव्हर खोलल्याशिवाय निघत नाही.

ताण स्वतः बदलायचा असेल तर

जमण्यासारखं काम आहे, पण हातात योग्य मापाचे पाने हवेत. एक्सलचा नट सैल करायचा, दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखेच फिरवायचे, एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त नाही. स्विंगआर्मवर दोन्हीकडे खुणा असतात, दोन्ही खुणा जुळल्या पाहिजेत. नाहीतर चाक तिरकं बसतं, गाडी एका बाजूला ओढते आणि स्प्रॉकेटचे दाते एका कडेने घासतात. नंतर नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळायचा आणि प्ले पुन्हा मोजायचा, कारण नट आवळताना तो हमखास बदलतो. टॉर्क रेंच नसेल, तर घरी ताण बदलून गॅरेजवर नट आवळून घ्या. मागच्या चाकाचा नट 'अंदाजे घट्ट' ठेवून फिरू नका.

संपली हे कसं ओळखायचं

लोक म्हणतात चेन 'लांबली'. खरं तर लोखंड ताणलं जात नाही. शंभरावर पिनांपैकी प्रत्येक ठिकाणी थोडी झीज होते, त्या सगळ्या फटींची बेरीज म्हणजे ते लांबणं. सोपी तपासणी अशी. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा. चांगली चेन दात्यांना चिकटून राहते. ती उचलली जाऊन खाली निम्मा दाता दिसायला लागला, तर दिवस भरले. पट्टीने मोजायचं असेल तर ५२० च्या नव्या चेनमध्ये २० कड्यांचं अंतर ३१७.५ मिलिमीटर असतं, ४२८ मध्ये २५४. एक टक्का वाढ म्हणजे अनुक्रमे सुमारे ३२१ आणि २५६.५. नेमकी मर्यादा मॅन्युअल देतं. आणखी खुणा म्हणजे शार्कच्या पंखासारखे एका बाजूला वाकलेले दाते, वळताना आखडणाऱ्या कड्या, पट्ट्यांच्या फटीतून गायब झालेल्या रिंगा आणि मागची मर्यादेची खूण गाठलेला अॅडजस्टर.

नीट सांभाळलेली रिंगांची चेन २०-२५ हजार किलोमीटर सहज जाते. हयगय झाली तर त्याच्या निम्म्यातही संपते. आणि चेन झिजेनाशा सुट्या भागांत मोडत नाही, त्यामुळे वॉरंटीत ती फुकट बदलून मिळेल या आशेवर राहू नका.

बदलताना पूर्ण सेट बदला. गॅरेजच्या भाषेत 'चेन-सॉकेट', म्हणजे चेन, पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट. नवी चेन जुन्या वाकड्या दात्यांवर चढवली, तर ते दाते तिला काही महिन्यांत स्वतःसारखी करून टाकतात. चेन लॉकच्या कडीने जोडलेली असेल, तर ती माशाच्या आकाराची क्लिप कशी बसवली ते मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून बघा. बंद, गोल टोक चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला हवं, म्हणजे वरच्या चेनवर क्लिप असताना इंजिनकडे. उघडं टोक पुढे आलं, तर कशाला तरी लागून क्लिप निसटू शकते. उलटी दिसली तर तिथल्या तिथे सरळ करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.